टाकीने पाळलेला श्रावण

विश्रांतवाडीत मी ज्या घराची मागची खोली घेऊन राहत होते, त्या घराच्या हॉलमध्ये समुद्र होता. काकू तसंच म्हणायच्या. कोणी भेटायला आलं की पाण्याचा तांब्या पुढे करून सांगायच्या, "बसा. तिकडे नका टेकू, तिकडे समुद्र आहे."

समुद्र म्हणजे काचेची एक लहान टाकी. टीव्हीपेक्षा थोडी कमीच लांब असेल. काकूंचा मुलगा खराडीला आयटीत होता, मी त्याला दादा म्हणत असे. त्याने ती ज्येष्ठात आणली. गोड्या पाण्यातले मासे पाळणारे मी आमच्या तालुक्यालासुद्धा पाहिले होते. दादाला मात्र प्रवाळ पाळायचं होतं, जिवंत. प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं आणि आमच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरणीत ठेवलेला पांढरा दगड, एवढंच मला ठाऊक होतं. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र.

टाकीत पांढरे खडक होते, तळाला वाळू, वर निळसर दिवा. पांढऱ्या पट्ट्यांचा एक केशरी मासा, काही गोगलगायी आणि तीन प्रवाळं. एक हिरवळीच्या तुकड्यासारखं. एक शर्टाची बटणं ओळीने लावावीत तसं. तिसरं सगळ्यांत वेगळं होतं. त्याच्या मऊ देठांच्या टोकाला छोटे छोटे पंजे होते आणि ते दिवसभर उघडत मिटत असत. कोणी हलवत नव्हतं, आपोआप. काकूंनी त्याला मुठी असं नाव दिलं. टाकी घरात आली तेव्हा त्या दोन दिवस दादाशी धड बोलल्या नव्हत्या. पण मुठी आल्यावर दुपारचा चहा घेऊन त्या टाकीसमोर बसायला लागल्या. "पाळण्यात हा असंच करायचा," एवढंच एकदा म्हणाल्या, आणि कप उचलून आत गेल्या.

आषाढ संपता संपता दादाला कंपनीने काही महिन्यांसाठी जर्मनीला पाठवलं. जायच्या आधी त्याने मला हॉलमध्ये बोलावलं.

"तू झूलॉजीची ना? मग टँक तुझ्याकडे."

मी हो म्हटलं. हे हो मला आधी समजावून सांगायला हवं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे इंग्रजी अक्षर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या हातात येते. औषधाची पट्टी, विजेचं बिल, शेजाऱ्यांचा नवा मोबाइल. सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहतात आणि मला काहीतरी सांगावं लागतं. नाही येत असं म्हणायची सोयच नसते. तिथून ही हो म्हणायची सवय लागली असावी.

दादाने शिकवलं ते मी मन लावून शिकले. गाळलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ कसं विरघळवायचं, थोडं जुनं पाणी काढून थोडं नवं कसं घालायचं, काचेच्या छोट्या कुपीत टाकीचं पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि येणारा रंग कार्डावरच्या रंगांशी कसा जुळवायचा. "अमोनिया झिरो पाहिजे," तो म्हणाला. "अमोनिया दिसला की मासा गेला समज. लगेच फोन कर." मग त्याने नायट्रेट आणि फॉस्फेटच्या कुप्या दाखवल्या. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून शेवटी हेच पाण्यात साठतं, म्हणाला. तपकिरी दाण्यांची एक पिशवी दिली, ती फॉस्फेट शोषून घेते. "हेही बघत जा," एवढं म्हणेपर्यंत खाली गाडीचा हॉर्न वाजला. किती असायला हवं हे त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. घाण किती हवी, हे काय विचारायचं?

मग श्रावण आला.

काकू एरवी बुधवार-रविवार मासे करणाऱ्या. पण श्रावण लागला की अंडंसुद्धा घरात येत नसे. दिव्यांच्या अवसेला त्यांनी समया घासल्या आणि फ्रीझर रिकामा केला. त्यात दादाचा एक डबा निघाला, बर्फाच्या लहान लहान वड्यांचा.

"हे काय गं?"

"माशाचं खाणं, काकू."

"कशाचं?"

"बारीक कोळंबी असते त्यात."

"मग श्रावणात नाही."

"पण मासा..."

"आमच्या सासूबाईंचं मांजरसुद्धा श्रावणात दूधभातावर असायचं. काही झालं नाही त्याला. झालंच तर लठ्ठ झालं."

दादाने शेवाळापासून केलेल्या हिरव्या कोरड्या वड्यांची एक डबी ठेवली होती. ती शाकाहारी होती. काकूंनी ती उघडून हुंगली आणि चालेल म्हणाल्या. कोळंबीचा डबा समोरच्या भाभींच्या फ्रीझरमध्ये गेला. भाभींचं घर गल्लीच्या पलीकडे, खाली त्यांच्या घरच्यांचं शिलाईचं दुकान. दोन्ही घरांची ही जुनी पद्धत होती. श्रावणात काकूंकडचं सगळं भाभींकडे जायचं, आणि रमजानात भाभींना इफ्तारसाठी बर्फ आणि थंड पाणी ठेवायला काकूंचा फ्रीज असायचा.

मी एक दिवसाआड हिरव्या वडीचा चिमूटभर चुरा टाकायला लागले. मासा तोंडात घ्यायचा, थुंकायचा, परत घ्यायचा. आणि मी टाकी स्वच्छ ठेवायला लागले. यात मी कमी पडणार नव्हते. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरने येतं, त्यामुळे पाण्याचं भांडं कसं राखायचं हे मला कोणी शिकवावं लागत नाही. मी वाळूवरचं नळीने ओढून घ्यायची. आठवड्यातून एकदा पाणी बदलायचं होतं, मी त्याहून जास्त वेळा बदलायची. तपकिरी दाण्यांची पिशवी तर कायमच लावून ठेवली. मग कुपीत थेंब टाकले. पाण्यात नायट्रेट असेल तर गुलाबी रंग येतो, तो आलाच नाही. फॉस्फेट असेल तर निळा, तोही नाही. दोन्ही कुप्या पाण्यासारख्या स्वच्छ. कार्डावरचा पहिला चौकोन, पांढरा.

मला खरंच आनंद झाला होता. मी दादाला कळवलं, "सगळं शून्य आहे." त्याने अंगठा पाठवला. रविवारी वाशिमहून बाबांचा फोन आला. ते तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रात कामाला आहेत, खताच्या गोण्या चढवायच्या उतरवायच्या. मी त्याच गोण्यांवर बसून शाळेचा अभ्यास केलेला. पुण्यात पोरीच्या ताब्यात समुद्र दिलाय, हे त्यांनी दुकानात येणाऱ्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला.

"तुझा मासा जगून राहिला ना?"

"हो बाबा."

काकूही खूश होत्या. "पोरीने बघा कशी लख्ख ठेवलीय," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. फक्त भाभी रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "बेटा, तुमचा तो डबा तसाच पडलाय. तुमचा मासा जेवत नाही का?"

"श्रावण आहे ना, भाभी."

"माशाचा पण?" त्या हसायच्या आणि मीही हसायचे.

वाळूवर पहिल्यांदा तपकिरी थर दिसला तेव्हा मला वाटलं धूळ बसली असेल. मी ओढून घेतला. दुपारी परत आला. पुढे त्याच्या शेंबडासारख्या तारा झाल्या आणि त्यांत हवेचे बुडबुडे अडकायला लागले. सकाळी वाळू पांढरी, कॉलेजातून यावं तर सगळ्यावर तो चिकट पदर. एक गोगलगाय पाठीवर पडलेली सापडली. मी तिला सुलटी केली, ती तशीच राहिली. बटणं मिटली. हिरवळ फिकी पडत गेली. आणि मुठी आधी सावकाश झाल्या, मग एके दिवशी उघडल्याच नाहीत. देठ ओल्या कापडासारखे खडकावर लोंबत होते.

मी आणखी पाणी बदललं. दाण्यांची नवी पिशवी लावली. रोज कुप्या भरून बघितल्या. शून्य. मला कळेना. प्रगतिपुस्तकात पैकीच्या पैकी गुण आणि मूल मात्र अंथरुणाला खिळलेलं, असं ते चाललं होतं.

"आज पण मुठी उघडल्या नाहीत," काकू म्हणाल्या.

"काल पाणी बदललं ना, म्हणून असेल."

"काल बदललंस, परवा बदललंस. मला दिवसातून तीनदा साबण लावला तर माझंही साल निघेल."

त्या विनोदाने बोलल्या, पण चहाचा कप त्यांनी तसाच टीपॉयवर ठेवला होता. थोड्या वेळाने टाकीकडे बघत म्हणाल्या, "तो गेल्यापासून या घरात हलणारं एवढंच होतं." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला सोडून."

मला दादाला फोन करायचा धीर होत नव्हता. काय सांगणार? तुम्ही सांगितलेलं सगळं केलं, आकडे उत्तम आहेत, आणि सगळं मरतंय? वर्गातही माझं लक्ष लागेना. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुली बिनधास्त प्रश्न विचारायच्या, चुकीचे सुद्धा. मला वाटायला लागलं की मी इथे चुकून आलेय. पाठ केलेलं लिहून मी इथपर्यंत आले आणि आता पहिल्यांदा काही जिवंत हातात दिलं तर ते टिकत नाही. दादा येईल तेव्हा टाकीत नुसते खडक असतील, आणि काकू काही बोलणार नाहीत, याचं मला जास्त वाईट वाटत होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी काकूंनी हॉल आवरायला काढला. मखर टाकीच्या शेजारीच बसणार होतं, दुसरी जागा नव्हती. टाकीच्या दिव्याची वायर मखराच्या दिव्यांसाठी काढावी लागली म्हणून मी निळा दिवा बंद केला आणि खिडकी पूर्ण उघडली. टाकीवर साधं ऊन पडलं. इतके दिवस मी प्रवाळं त्या निळसर उजेडातच बघत होते. उन्हात ती हिरवळ हिरवी नव्हतीच. पिवळट पांढरी होती.

तो पिवळा मी ओळखत होते. बाबांच्या दुकानात माणसं हातात एखादं पान घेऊन यायची. कधी कपाशीचं, कधी हळदीचं. पान काउंटरवर ठेवायची आणि काही बोलायची नाहीत. असं पिवळं पान असेल तर दुकानात बसलेलं कोणीही सांगायचं, नत्र कमी पडलंय. मी सात-आठ वर्षांची असतानाही सांगितलं असतं.

मी तिथे हातात वायर घेऊन उभी राहिले. नत्र, स्फुरद, पालाश. गोणीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, मी त्याच्यावरच वाचायला शिकले. नायट्रेट म्हणजे नत्रच की. फॉस्फेट म्हणजे स्फुरद. आणि प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, तेच त्याचं अन्न तयार करतं, हे तर आमच्या सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. मी परीक्षेत आकृतीसह लिहिलं होतं, गुणही मिळाले होते. एक गोष्ट मी इंग्रजीतून शिकले होते आणि दुसरी गोणीवर बसून. दोघींची गाठ कधी पडली नव्हती. मी रोज त्या शेवाळाच्या तोंडचा घास काढून घेत होते आणि शून्य आलं म्हणून खूश होत होते.

तरीही मला खात्री नव्हती. मी दादाला फोन लावला. तिकडे त्यांची सकाळ होती.

"दादा, प्रवाळं पिवळी पडलीत. मुठी बंद आहेत. वाळूवर तपकिरी तारा येतात."

"नायट्रेट किती?"

"शून्य."

"फॉस्फेट?"

"शून्य. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"तुम्ही गेल्यापासून. मी कळवत होते ना."

"अगं, मला वाटलं तू अमोनियाचं सांगतेस." मग त्याने विचारलं, "खायला काय घालतेस?"

"हिरव्या वड्या. एक दिवसाआड."

"आणि फ्रोझन?"

"ते भाभींकडे आहे."

"भाभींकडे का?"

"श्रावण होता."

पलीकडे काहीच ऐकू येईना. मला वाटलं फोन कट झाला. मग कळलं की तो हसतोय. "म्हणजे माझा टँक महिनाभर उपाशी आहे," तो म्हणाला. "आईने टँकला श्रावण पाळायला लावला." हसणं संपल्यावर त्याने नीट सांगितलं. पाणी बदलणं थांबव. दाण्यांची पिशवी काढून टाक. वाळू ओढू नकोस. रोज कोळंबी घाल. नव्या टाकीत अजून काहीच मुरलेलं नसतं, तिथे नायट्रेट-फॉस्फेट अगदी संपलं की प्रवाळं उपाशी मरतात आणि रिकाम्या जागेवर हे तपकिरी शेवाळ येऊन बसतं. थोडंसं हवंच. जास्तही नको.

"मरतील का, दादा?"

"माहीत नाही गं. मीही पहिल्यांदाच करतोय. तिथे असतो तर माझ्याकडूनही काहीतरी चुकलंच असतं."

हे ऐकून मला एवढं हलकं वाटलं की मी दाराच्या पायरीवर जाऊन बसले. मला इतके दिवस वाटत होतं की त्याला सगळं येतं आणि मला येत नाही.

"आईला मी सांगतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "नको, तूच सांग."

काकू स्वयंपाकघरात नारळ खवत होत्या. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. त्यांनी खवणी थांबवली.

"उद्या गणपती बसतोय. त्याच्या मांडीला मांडी लावून कोळंबी?"

"हो."

"दहा दिवस थांबता येणार नाही?"

एरवी मी हो, थांबता येईल, असंच म्हटलं असतं. तोंडात तेच आलं होतं. "नाही, काकू," मी म्हटलं. "मला नाही वाटत तोवर राहतील."

त्या परत नारळ खवायला लागल्या. मी खोलीत जाऊन बसले. मला भीती वाटली नाही असं नाही, पण खरं बोलून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी गणपती बसले. आरती झाली, मोदक झाले, जेवणं झाली. दुपारी हॉलमध्ये आम्ही दोघीच होतो. काकू मखरासमोर वाती वळत होत्या.

"लोंबतायतच का अजून?" त्यांनी टाकीकडे न बघता विचारलं.

"हो."

"आमच्या माहेरी गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो," त्या म्हणाल्या. त्यांचं माहेर कोकणातलं, एवढं मला माहीत होतं. "मटण, मासळी, काय मिळेल ते. माहेरवाशीण ती, तिला आवडीचं नको का? पण शेजारी गणपती बसलेला. त्याला चालत नाही. मग मध्ये पडदा धरायचा. गौरीचं जेवण होईपर्यंत दोघींनी दोन टोकं धरायची. लहानपणी ते काम माझ्याकडे असायचं."

"आणि गणपतीला कळत नाही?"

"त्याला काय कळत नसेल? कान केवढे आहेत त्याचे. पण आपण आपलं धरायचा." त्यांनी वात ताटात ठेवली. "इकडे सासरी गौरी नाहीत. लग्न झाल्यापासून मी काही पडदा धरला नाही. जा, भाभींकडून आण. वाटी त्यांचीच घे. माझ्या स्वयंपाकघरातून यायचं नाही, पुढच्या दाराने ये."

मी गल्ली ओलांडली. भाभींनी फ्रीझर उघडून डबा काढला.

"सुटला का उपास?"

"सुटला, भाभी."

"माशाचा की तुझा? तोंड बघ किती उतरलंय." त्यांनी एक वडी वाटीत टाकली. "बाकीचा डबा इथेच राहू दे. रोज येऊन घेऊन जा. तेवढंच बोलणं होईल."

मी परत आले तेव्हा काकूंनी त्यांचं जुनं लुगडं काढून ठेवलं होतं. एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं होतं, दुसरं त्यांनी हात उंच करून धरलं. मखर एका बाजूला, टाकी दुसऱ्या बाजूला. त्यांनी स्वतः तोंड गणपतीकडे केलं.

"घाल आता."

वडी वाटीत विरघळली होती. मी ती हळूच पाण्यात सोडली. बारीक कोळंब्या सगळीकडे पसरल्या. मासा एक क्षण जागीच राहिला, आणि मग असा सुटला की मला दचकायला झालं. इकडून तिकडे, तिकडून इकडे. खडकामागे इतके दिवस दडून बसलेल्या दोन गोगलगायी बाहेर आल्या. पाणी गढूळ झालं. मी इतकं जपून राखलेलं पाणी. माझा हात नळीकडे गेला होता, मी तो मागे घेतला.

"काय करतोय?" काकूंनी लुगड्याआडून विचारलं.

"जेवतोय."

"सावकाश जेवू दे. माझे हात लागलेत दुखायला, पण जेवू दे."

पुढचे दिवस तोच क्रम झाला. दुपारची आरती, मग भाभींकडची वाटी, मग पडदा. एकदा शेजारच्या एक बाई दर्शनाला अवेळी आल्या. दारातूनच लुगडं बघून थबकल्या.

"हे काय चाललंय?"

"पडदा धरलाय."

"कोणासाठी?"

"समुद्र जेवतोय," काकू म्हणाल्या. "तुम्ही बसा. तिकडे नका टेकू."

सुधारणा लगेच झाली नाही. तपकिरी थर तसाच होता आणि तो न काढता नुसतं बघत बसणं मला फार कठीण गेलं. कॉलेजातून आले की आधी हात पाठीमागे बांधून टाकीसमोर उभी राहायची. कुपीतही बरेच दिवस काही दिसलं नाही. मी घालत होते ते सगळं कुठेतरी खाल्लं जात होतं. मग एका सकाळी नायट्रेटच्या कुपीत मला काहीतरी वाटलं. मी ती खिडकीशी नेली, कार्डावर धरली, पांढऱ्या भिंतीसमोर धरली. शेवटी काकूंकडे नेली.

"काकू, हा गुलाबी आहे का? की मला हवाय म्हणून दिसतोय?"

त्यांनी चष्मा लावला, कुपी उजेडात फिरवली. "गुलाबीच आहे. धुऊन धुऊन विटलेला, पण गुलाबी." मग विचारलं, "हे चांगलं की वाईट?"

"चांगलं."

"मग घाण झाल्याचा एवढा आनंद मी पहिल्यांदाच बघतेय."

त्याच आठवड्यात तारा कमी झाल्या. आधी वाळूच्या एका कोपऱ्यात पांढरं दिसायला लागलं, मग ते पसरत गेलं. हिरवळीच्या मुळाशी थोडा हिरवा परतला. बटणं दुपारपुरती उघडायची. मुठी मात्र तशाच होत्या. देठ थोडे ताठ झाले होते एवढंच. दादा म्हणाला, ते कधीकधी परत येत नाहीत. मी काकूंना तेही सांगितलं. आता मी सगळं सांगत होते.

गणपती गेले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी हॉल कसातरीच दिसत होता. मखराच्या जागी नुसता पाट, त्यावर चार दुर्वा. मी नेहमीसारखी भाभींकडून वाटी घेऊन आले. बघते तर काकू लुगडं हातात घेऊन खिडकीपाशी उभ्या. एक टोक गजाला बांधून झालेलं.

"काकू, गणपती गेले."

त्यांनी पाटाकडे बघितलं. "हो की," म्हणाल्या. "सवय." पण टोक सोडलं नाही. "असू दे. घाल तू."

मी वाटी ओतली. मासा तुटून पडला. मी त्याच्याकडेच बघत होते, म्हणून मला दिसलं नाही. काकूंनी आता तोंड फिरवायचं कारण नव्हतं, त्या टाकीकडे बघत होत्या.

"अगं, तिथे बघ."

सगळ्यांत वरच्या देठावरचा एक पंजा उघडला होता. तो मिटला. बराच वेळ गेल्यासारखं वाटलं. मग परत उघडला. त्याच्या खालचा एक हलल्यासारखा झाला आणि थांबला.

काकूंनी लुगड्याचं टोक खाली सोडलं आणि त्याच लुगड्याने डोळे पुसले. "धूळ आहे याच्यात," म्हणाल्या. मग सोफ्यावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "चहा टाक. दोघींना."

त्या रविवारी बाबांचा फोन आला. पहिला प्रश्न तोच. मी या वेळी नुसतं हो म्हणून थांबले नाही. सगळं सांगितलं. टाकी कशी पिवळी पडली, नत्र आणि स्फुरद कसं संपलं होतं, आता रोज थोडं थोडं कसं देते. दुकानात गिऱ्हाईक असावं, मागे गोणी टाकल्याचा आवाज आला. बाबा ऐकत होते.

"समुद्रालेही नत्र लागते का?" ते म्हणाले. त्यांना नवल वाटलेलं आवाजात कळत होतं. "किती देऊन राहिली?"

"चिमूटभर. रोज."

"जास्त नको देऊ. जळते."

"हो बाबा."

फोन ठेवल्यावर मी हॉलमध्ये जाऊन कुपी भरली. थेंब टाकले, हलवली आणि खिडकीशी धरली. गुलाबी कालच्याएवढाच होता. आतून काकूंनी विचारलं, "कसं आहे?" मी म्हटलं, "ठीक आहे." आणि ते खरंच ठीक होतं.